मुलींचे संगणक मंडळ शाळेच्या वेळापत्रकातच हवे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने आठ लाख रुपयांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना अभियांत्रिकीसह अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण माफी दिली. त्याआधी २०१८ पासून आयआयटी संस्थांनी मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण केल्या आणि २०२० पर्यंत तेथील मुलींचे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. दोन्ही निर्णयांचे मी मनापासून स्वागत करते. परंतु दोन्ही निर्णय बारावीच्या निकालानंतरच्या मुलीचा विचार करतात. संगणकाची गोडी लागण्याचे वय त्याच्या कितीतरी आधीचे, सहावी-सातवीचे असते आणि त्या वयात आपल्या बहुसंख्य मुलींचा संगणकाशी संबंध येतो तो पाठ्यपुस्तकातील चित्रापुरता किंवा कुलूपबंद खोलीच्या दारावरील पाटीपुरता. म्हणून या पत्राद्वारे मी एकच मागणी मांडू इच्छिते. राज्यातील प्रत्येक उच्च प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत मुलींचे संगणक मंडळ, म्हणजे संगणकाचा क्लब, असावे आणि ते शाळा सुटल्यानंतर न भरता शाळेच्या वेळेत, वेळापत्रकात छापलेल्या तासिकेला भरावे.

यावर पहिली शंका घेतली जाईल ती अशी, की मुली तर या क्षेत्रात भरपूर आहेत. पुण्याच्या हिंजवडीतील किंवा खराडीतील कोणत्याही संगणक कंपनीच्या दारात संध्याकाळी उभे राहिले तर ते दिसतेच. ही शंका खोटी नाही. संगणक अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या मुलींचे प्रमाण आपल्या देशात अनेक पाश्चात्त्य देशांपेक्षा चांगले आहे आणि त्याचे मोठे कारण असे, की बसून करायचे, बंदिस्त इमारतीतले आणि बऱ्या पगाराचे काम मुलीसाठी योग्य, असे पालकांना वाटते. तथापि या मुली बहुतांशी शहरांतल्या आहेत आणि त्यांतील अनेकींनी आपला पहिला प्रोग्राम महाविद्यालयात गेल्यावर, गुणांसाठी लिहिलेला असतो. नोकरीसाठी संगणकाकडे वळणे चांगलेच आहे. पण यंत्राकडून आपल्या मनासारखे काही करवून घेण्याचा आनंद लहानपणी कधीच न मिळालेली मुलगी पुढे अवघड पेपर समोर आला की ‘हे आपले काम नव्हे’ असे फार लवकर ठरवते. अनेक वर्षे मुलींना गणित शिकवताना हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत पुनःपुन्हा ऐकले आहे. आणि तालुक्याच्या गावापलीकडच्या, वाडीवस्तीवरच्या मुलीपर्यंत तर हिंजवडीची वार्ताही पोहोचलेली नसते.

संगणक हा मुळात पुरुषांचा प्रांत आहे, हा समज इतिहासाला धरून नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १८४३ साली एडा लव्हलेस यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या कागदावरच राहिलेल्या यंत्रासाठी गणितातील बर्नुली संख्या काढण्याची पद्धत पायरीपायरीने लिहून प्रसिद्ध केली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला ‘एनिॲक’ हा महाकाय संगणक १९४६ मध्ये जगासमोर आला, तेव्हा त्याचे प्रोग्रामिंग सहा तरुणींनी केलेले होते. सुरुवातीला त्यांना यंत्र असलेल्या खोलीत जाण्याची परवानगीही नव्हती. जोडण्यांचे आराखडे पाहून त्या यंत्राचे काम समजून घेत. बेटी स्नायडर, जीन जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांची नावे यंत्राच्या अनावरणाच्या समारंभात कोणी घेतली नाहीत आणि नंतरही कित्येक दशके ती विस्मृतीतच राहिली. माणसाला समजणाऱ्या खुणांतून यंत्राच्या आज्ञा तयार करणाऱ्या कम्पायलरचा पाया १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी घातला. आपल्या शाळांत विज्ञानदिनाला शास्त्रज्ञांची चित्रे लावली जातात. त्यांत या स्त्रियांना स्थान मिळाले तर मुलींना पुष्कळ काही न सांगता कळेल.

मग चित्र पालटले कसे? अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. पुढे ते घसरत जाऊन २० टक्क्यांच्याही खाली गेले. घसरण सुरू झाली तो काळ घरोघरी संगणक येऊ लागण्याचा होता. तो संगणक मुलग्यांचे खेळणे म्हणून विकला गेला आणि अनेक घरांत तो मुलाच्या खोलीत ठेवला गेला. परिणाम असा झाला, की महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात मुलगे चार-पाच वर्षांचा सराव घेऊन बसत आणि मुली कोऱ्या पाटीने. सरावातला हा फरक बुद्धीतला फरक समजला गेला, अध्यापकांकडून आणि त्याहून अधिक मुलींकडून. तेथील कार्नेगी मेलन विद्यापीठाने हे ओळखले. आधीच्या सरावाला प्रवेशात महत्त्व देणे त्यांनी थांबवले, सराव नसलेल्यांसाठी वेगळा प्रारंभिक अभ्यासक्रम ठेवला आणि उन्हाळ्यात शाळाशिक्षकांची प्रशिक्षणे घेतली. १९९५ मध्ये तेथे संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या; २००० मध्ये त्या ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींची बुद्धी बदलली नव्हती, संस्थेची वागणूक बदलली होती.

आपल्याकडे अमेरिकेतील त्या घरगुती संगणकाची जागा आज मोबाइलने घेतली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, १५ ते ४९ वयोगटातील कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे देशातील प्रमाण ३३ टक्के आणि पुरुषांचे ५७ टक्के आढळले. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वर्षांच्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हेच प्रमाण १९.८ टक्के होते. मुलीच्या हाती फोन देण्याची पालकांना वाटणारी भीती मी हसण्यावारी नेणार नाही. छायाचित्रांचा गैरवापर, अनोळखी व्यक्तींचे संदेश, त्यातून होणारी बदनामी हे सारे खरे आहे आणि त्याची शिक्षा बहुतेक वेळा मुलीलाच, शाळा कायमची सुटण्याच्या रूपाने, भोगावी लागते. पण याच कारणासाठी संगणकाची पहिली ओळख घराबाहेर, शिक्षिकेच्या देखरेखीखाली आणि सुरुवातीला इंटरनेटशिवाय होणे अधिक चांगले. अशी जागा गावात शाळेवाचून दुसरी नाही.

आता वेळेचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शहरांतील काही शाळांमध्ये संगणकाचे छंदवर्ग आहेत. ते शाळा सुटल्यावर किंवा रविवारी भरतात. ग्रामीण भागात ही वेळ ठेवणे म्हणजे मुलींना न बोलावण्यासारखेच आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळणारा एसटीचा मोफत पास आणि मानव विकास कार्यक्रमातून विद्यार्थिनींसाठी सुरू झालेल्या बसगाड्या यांमुळे हजारो मुली आठवीनंतरही शाळेत टिकल्या, हे मी माझ्या परिसरात पाहिले आहे. मात्र ती बस शाळा सुटली की निघते. ती चुकली तर पुढची गाडी अंधार पडल्यावरची असते आणि अंधारात वस्तीवर पोहोचलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवायचे की नाही, यावर घरात चर्चा सुरू होते. जिची शाळा गावातच आहे तिच्यासाठी घरी पाणी भरणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि आई शेतातून परतेपर्यंत चूल पेटवणे ही कामे थांबलेली असतात. मुलगा शाळेनंतर मैदानावर तासभर रेंगाळला तर कोणी विचारत नाही. या परिस्थितीत ‘मंडळ सर्वांसाठी खुले आहे’ असे सूचनाफलकावर लिहिणे पुरेसे नाही, कारण ते ज्या वेळेला खुले आहे ती वेळ मुलीच्या मालकीची नसते. दिवसातले जे सहा-सात तास तिच्या शिक्षणाचे म्हणून घराने आणि गावाने मान्य केले आहेत, त्याच तासांत मंडळ भरले पाहिजे.

शाळेतील संगणक कक्षाची अवस्था हा यापुढचा प्रश्न. माहिती तंत्रज्ञानाच्या योजनेतून अनेक शाळांना यंत्रे मिळाली, करारावर संगणक निदेशक आले, आणि कराराची मुदत संपल्यावर यंत्रे राहिली पण शिकवणारे गेले. आता जो एखादा संगणक चालू असतो तो मुख्याध्यापकांच्या कार्यालयात ‘सरल’, ‘शालार्थ’ आणि ‘यू-डायस’ या शासकीय प्रणालींची माहिती भरण्यात गुंतलेला असतो आणि बाकीच्यांवर कापडी आच्छादन असते. जेथे कक्ष उघडतो तेथेही एका यंत्रासमोर चार विद्यार्थी बसतात. अशा चौघांत माऊस कोणाकडे जातो ते कोणत्याही शिक्षकाने एकदा शांतपणे पाहावे. मुलग्याचा हात माऊसवर असतो आणि ‘तुझे अक्षर चांगले आहे’ म्हणून वही मुलीकडे दिलेली असते. वर्ष संपते तेव्हा तिच्याकडे संगणकावरील अत्यंत नीटनेटकी वही असते आणि कळफलकावर तिची बोटे कधी फिरलेली नसतात. यात मुलग्यांचा दुष्टपणा नाही आणि शिक्षकांचाही नाही, पण रोज असेच घडत असेल तर ते आपोआप सुधारेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. निदान पहिले वर्षभर फक्त मुलींचे मंडळ असावे, असे मी म्हणते ते यासाठी. दोघींनी एका यंत्रावर बसावे, एकीने लिहावे, दुसरीने पाहून सुचवावे आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात. मोठ्या कंपन्यांतील प्रोग्रामरही अशा जोडीने काम करतात. पुढच्या वर्षी मुलगेही यावेत; तोवर मुलींचे हात यंत्राला सरावलेले असतील आणि मग माऊस मागून घेण्याइतका धीर त्यांच्यात येईल.

मंडळात करायचे काय, हे ठरवताना एक पथ्य पाळावे लागेल. टंकलेखन, शुभेच्छापत्रे आणि सादरीकरणाच्या चौकटी रंगवणे म्हणजे संगणक शिकणे, हा आपल्याकडील रूढ समज मंडळाच्या दाराबाहेर ठेवावा. ही कौशल्ये उपयोगी आहेत आणि ‘एमएस-सीआयटी’सारख्या अभ्यासक्रमांतून ती पुढे मिळतातच. मुलीला या वयात कळायला हवे ते असे, की हे यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. आपण सांगू ते, सांगू त्या क्रमाने करते, आणि चुकले तर आपल्या सांगण्यात कोठे चूक झाली ते शोधून काढता येते. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २००७ मध्ये मुलांसाठी खुले केलेले ‘स्क्रॅच’ हे प्रोग्रामिंगचे साधन मोफत आहे, संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते आणि त्यातील पात्रांच्या तोंडची वाक्ये मराठीत लिहिता येतात. ठिपक्यांची रांगोळी स्क्रॅचमध्ये काढायला घेतली की कोन, पुनरावृत्ती आणि निर्देशक हे गणितातले कंटाळवाणे वाटणारे शब्द एकाएकी कामाचे होतात. पण मुलींचे मंडळ म्हणून सर्व काही रांगोळी आणि पाककृतींभोवती फिरवण्याचा मोहही टाळावा. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) यांवरून दर कसा ठरतो, महिनाअखेरीला वडिलांच्या हातात येणारे बिल बरोबर आहे का, आईच्या बचत गटातील अंतर्गत कर्जावर व्याज किती झाले, हे प्रश्न आठवीतली मुलगी स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामने सोडवू शकते. ज्या घरात असे एक बिल मुलीने तपासून दाखवले, त्या घरात तिच्या मंडळाला जाण्यावर पुन्हा वाद होणार नाही.

हे स्वप्नरंजन नाही, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या धारावीत ‘धारावी डायरी’ या उपक्रमात शाळकरी मुलींनी एमआयटीचे ‘ॲप इन्व्हेंटर’ हे साधन वापरून मोबाइलची ॲप तयार केली. त्यांतील एक स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी होते आणि एक सार्वजनिक नळावरील पाण्याच्या रांगेसाठी, आपली पाळी आली की सूचना देणारे. हंडा घेऊन रांगेत उभे राहणाऱ्या मुलींनाच ही कल्पना सुचू शकते. त्यांना हवी होती ती यंत्रे, शिकवणारी माणसे आणि बसायला एक खोली.

जेथे यंत्रेच नाहीत किंवा वीज भरवशाची नाही, त्या शाळांनी थांबण्याचे कारण नाही. ‘असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी’ या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या भारतीय शाखेने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला असून, संगणकाविना संगणकीय विचार शिकवण्यावर त्याचा भर आहे. लिथुआनियातील प्राध्यापिका व्हॅलेंटिना डागिएने यांनी २००४ मध्ये सुरू केलेली आणि आता अनेक देशांत पसरलेली ‘बेब्रास’ ही कोड्यांची स्पर्धाही याच उपक्रमामार्फत भारतात घेतली जाते व तिच्यातील प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात. पुठ्ठ्याच्या पाच कार्डांवर १, २, ४, ८, १६ हे अंक लिहून, काही कार्डे उघडी आणि बाकीची उलटी ठेवली, की उघड्या अंकांच्या बेरजेने ३१ पर्यंतची कोणतीही संख्या दाखवता येते, हे पाचवीच्या मुलीला पंधरा मिनिटांत उमगते. परिपाठाला उंचीप्रमाणे उभे राहताना फक्त शेजारणीशीच तुलना करायची असे बंधन घातले, तर संगणक क्रम कसा लावतो ते अंगणातच समजते. अकारविल्हे लावलेल्या हजार नावांच्या यादीतून एक नाव जास्तीत जास्त दहा प्रश्नांत कसे शोधावे, याचे उत्तर मुलींनी स्वतः काढले की वर्गात जो कोलाहल होतो तो शिक्षकाने एकदा तरी अनुभवावा.

मंडळ काढले की सर्व काही साधेल, असा माझा दावा नाही. इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये ‘कोड क्लब’ ही मुलांची प्रोग्रामिंग मंडळे सुरू झाली आणि २०१४ पासून तेथे प्रोग्रामिंग शालेय अभ्यासक्रमातही आले. तरी सोळाव्या वर्षीच्या परीक्षेसाठी संगणकशास्त्र निवडणाऱ्यांत मुली एक पंचमांशाच्या आसपासच राहिल्या आहेत. कोड क्लबच्या एका स्वतंत्र मूल्यमापनात मुलांचे कोडिंगचे, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याचे, कौशल्य वाढलेले आढळले, पण बेब्रासच्या कोड्यांत ती इतरांहून पुढे गेलेली दिसली नाहीत. यातून मी दोन गोष्टी घेते. सर्वांना सक्तीने शिकवल्याने मुली आपोआप त्या विषयाकडे वळत नाहीत, आणि ठरावीक पायऱ्यांची नक्कल करून घेणारे मंडळ विचार शिकवत नाही. कोडी, चर्चा आणि स्वतःचा प्रश्न स्वतः निवडणे यांना मंडळात निम्मा वेळ असलाच पाहिजे.

शिकवणार कोण, हा प्रश्न शिक्षक विचारतील आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. निवडणुका, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती यांखाली दबलेल्या शिक्षिकेवर आणखी एक ‘ऐच्छिक’ काम लादले, तर त्या मंडळाची फक्त नोंदवही भरली जाईल. म्हणून मंडळाची तासिका तिच्या आठवड्याच्या कार्यभारात मोजली पाहिजे. ज्येष्ठतेने आलेली जबाबदारी म्हणून नव्हे, इच्छा पाहून ती दिली पाहिजे आणि तिला संगणकाची पदवी असण्याची अट नसावी. गणित, विज्ञान, अगदी मराठीची शिक्षिकाही मुलींबरोबर शिकत शिकत हे करू शकते. बाई स्वतः अडखळतात, चूक शोधतात आणि पुन्हा करून पाहतात, हे मुलींनी पाहणे लाभाचेच आहे. तिच्या मदतीला तालुक्याच्या महाविद्यालयांतील बीसीए, बीएस्सी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत येऊ शकतात. ज्यांचे शुल्क राज्याने माफ केले त्या मुलींनी पंधरवड्यातून एकदा जवळच्या शाळेत दोन तास द्यावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. सातवीतल्या मुलीला आपल्याच गावाच्या एसटीने येणारी ताई जे पटवून देईल, ते माझ्यासारखीच्या भाषणाने पटणार नाही.

वेळापत्रकात जागा नाही, हे कारण पुढे केले जाऊ नये. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम शासनाने २०२४ मध्येच सुरू केला आहे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत आणि त्याच धोरणात सहावीपासून कोडिंगची ओळख करून देण्याचे म्हटले आहे. उच्च प्राथमिक शाळांत मीना-राजू मंच आहे, माध्यमिक शाळांत स्काऊट-गाईड आणि हरित सेना आहे. त्यांच्या पंक्तीत संगणक मंडळाला बसवायला नवा कायदा लागत नाही. ज्या शाळांना केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग लॅब या प्रयोगशाळेसाठी वीस लाखांपर्यंतचे अनुदान मिळाले आहे, त्यांनी तर प्रयोगशाळेच्या नोंदवहीत मुलींच्या उपस्थितीचा स्वतंत्र रकाना उद्यापासून घालावा.

शालेय शिक्षण विभागाने येत्या जूनपूर्वी एक परिपत्रक काढून सहावी ते नववीच्या मुलींसाठी आठवड्याला दोन सलग तासिका राखून ठेवाव्यात आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या शाळाभेटीत त्या तासिकेला संगणक कक्ष प्रत्यक्ष उघडलेला होता का, याची नोंद घ्यावी, अशी माझी विनंती आहे. परिपत्रकाची वाट न पाहता मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि माता-पालक संघ यांनाही हे ठरवता येईल. माता-पालकांची पहिली सभा संगणक कक्षातच घ्यावी आणि यंत्र मुलींनीच चालवून दाखवावे. शाळांची नवी वेळापत्रके मे महिन्यात तयार होतात. हा निर्णय त्याआधी झाला तर जूनमध्ये पाचवीतून सहावीत जाणाऱ्या मुलींना त्याचा लाभ याच वर्षी मिळेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका,
पंढरपूर, जि. सोलापूर